घसारा लावा, पण माणूस बघून

सांगलीत राहून घसारा लावता येत नसेल, तर मार्केट यार्डात अडत दुकान टाकून उपयोग काय? हळदीची पारख नंतर शिकाल, आधी हे शिका.

घसारा म्हणजे वस्तू जुनी होते तशी तिची किंमत वहीत दरवर्षी उतरवायची आणि ती घट खर्चात धरायची. शब्द घासण्यातून आलेला. इंग्रजीतल्या डेप्रिसिएशनच्या पोटात लॅटिनमधली 'किंमत' दडली आहे. आपल्या लोकांनी किमतीचा विषयच काढला नाही, थेट वस्तू घासायला घेतली. तुम्ही मात्र काही घासू नका. घसारा वहीत लागतो, वस्तूला नाही.

मुहूर्त बघायचाच तर ३१ मार्च. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरला वर्षाला ४० टक्के घसारा. घेतला त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला, तर निम्मा. म्हणजे त्या दिवशी दुपारी खोका फोडून बटण दाबा, वापर सुरू करा, की ५०,००० चं यंत्र दिवेलागणीला ४०,००० चं. पुढे दरवर्षी उरलेल्या रकमेवर ४० टक्के: २४,०००, १४,४००, ८,६४०. शून्य कधीच येत नाही. यंत्र भंगारवाल्याकडे गेलं तरी ताळेबंदात त्याचा आत्मा भटकत राहतो.

गाडीला १५ टक्के. ती धंद्याच्या नावावर घ्या. रविवारी सहकुटुंब औदुंबरला नेली तरी वहीत ती बारदान आणायलाच गेली होती. सीएसमोर बसल्यावर खोल आवाजात सांगा, 'साहेब, गाडी पार खटारा झालीय.' संध्याकाळी तीच गाडी बघायला गिऱ्हाईक येईल. तेव्हा, 'दादा, फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन. बायकोला माहेरी सोडायचं, एवढंच रनिंग.' गिऱ्हाईक टायरच्या खाचेत नख घालून बघायला लागलं, की चहा मागवा. फार चढी किंमत मात्र घेऊ नका. एकाच दराने घसारा लागणाऱ्या वस्तूंचा एक गट धरतात; त्या गटाची वहीतली शिल्लक ओलांडून पैसे आले, तर वरची रक्कम अल्पमुदतीचा भांडवली नफा धरतात, आणि तिथं 'खटारा' हा शब्द चालत नाही.

खरी परीक्षा पुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गणपती पेठेत शिरली, तसं पुन्हा झालं आणि गाडी बुडाली, तर विम्याचा सर्व्हेअर टॉर्च घेऊन येईल. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना सरळ ५० टक्के घसारा. पत्र्याचं वय मोजतात. काचेला मात्र शून्य. गाडीत तेवढीच चिरतरुण. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणा, 'साहेब, गाडी नवीकोरी होती हो!' फक्त त्या वेळी काखेत ताळेबंदाची फाईल नको.

सगळ्याला घसारा लागतो, जमिनीला नाही. कायद्याच्या लेखी जमीन झिजतच नाही. कृष्णेला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. ती दर मोठ्या पुरात काठाची मळी, म्हणजे गाळाची जमीन, कापून खाली कर्नाटकात नेते. तेव्हा काठाची जमीन विकायची असेल, तर गिऱ्हाइकाला ऊसतोडीच्या आधी बोलवा. ऊस उभा असला, की कड कुठवर आली आहे ते दिसत नाही.