डिक्कीतली 150 एएच आणि भुसावळच्या भाऊंची हरकत

भाऊ, राम राम. कार ऑडिओच्या बॅटरीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही भुसावळहून झणझणीत लिहिलंत. तुमचं म्हणणं, मी लोकांना उगाच वायर आणि अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) भानगडीत पाडतो; तुम्ही डिक्कीत इन्व्हर्टरची 150 एएचची (ॲम्पिअर-तास, साठ्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी टाकली, बास दणक्यात वाजतोय, विषय संपला. वर टोला, की मी सुचवलेली एजीएम (काचतंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवणारी बॅटरी) तुमच्या मित्राच्या बोनेटखाली दोन उन्हाळेही टिकली नाही.

टोल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी. "एजीएम घ्या" लिहून मी मोकळा झालो, बसवायची कुठे ते लिहिलंच नाही. मे महिन्यात तुमच्याकडे बाहेरच 45 अंश, बोनेटखाली विचारूच नका. लेड-ॲसिड बॅटरीचा ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात एजीएम सीलबंद, आतलं पाणी उडालं तर वरून घालायची सोय नाही. लेखात दुरुस्ती केली आहे: बोनेटखाली गाडीची साधी बॅटरी, एजीएम डिक्कीत.

ट्युब्युलरवर मात्र मी हटणार नाही. तिच्यावरचे 150 एएच 20 तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे 7.5 ॲम्पिअर सावकाश ओढले तर. एक पंखा, एखादा बल्ब, हे तिचं काम. 1000 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारे वॉट) क्लास-डी ॲम्प्लिफायर, आपला ॲम्प, पूर्ण जोरात 90 ॲम्पिअरच्या आसपास मागतो, तोही ठोक्याठोक्याला. शिवाय ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हॅचबॅकची डिक्की म्हणजे मागे बसलेल्या पोरांचीच खोली, काचा बंद, एसी चालू. बाकी काही पटो न पटो, एवढं आजच बदला.

"पण वाजतोय ना!" वाजणारच, साठा आहे तोवर. केळीवाल्या भागातल्या माणसाला मी काय सांगावं? शेततळं कितीही मोठं खणा, विहिरीवरची मोटर तीच असेल तर भरतं त्याहून जास्त उपसल्यावर तळ दिसतोच. गाडी चालू असताना कमावता फक्त अल्टरनेटर. छोट्या गाडीत तो 70-90 ॲम्पिअरचा, त्यातून इंजिन, हेडलाइट, एसीचा पंखा. आयडलिंगला त्याहून बराच कमी देतो, तापला की आणखी कमी.

म्हणून आधी मोजा. गाडी चालू ठेवून तुमच्या नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि मल्टिमीटर ॲम्पच्या टर्मिनलला लावा. आकडा 13.5 व्होल्टच्या वर राहिला तर नव्या बॅटरीवर पैसे घालूच नका. तिथे 12.5 आणि बॅटरीवर 14 दिसले तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात गळ्यात मारतात, ती जाड दिसते एवढंच. दोन्हीकडे आकडा पडत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही. (ॲम्पला कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा डबा, जोडण्याबद्दलही विचारलंत. 1 फॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत 26 ज्यूल देतो. 1000 वॉटला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरते. शोभेला छान.)

दुसरी बॅटरी लागते ती गाडी बंद करून वाजवणाऱ्याला. मी एका डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत मित्रांपुढे दारं उघडून तासभर वाजवलं. 35 एएचची बॅटरी, सरासरी 25 ॲम्पिअरचा ओढा. रात्री थंडीत सेल्फने नुसतं 'टक्' केलं. पाच जणांनी ढकलली, त्यातले दोघे घोडे बघायला आलेले अनोळखी. तुमचंही वाजवणं असंच असेल तर डिक्कीत एजीएम, मध्ये आयसोलेटर (गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच), म्हणजे स्टार्टची बॅटरी शाबूत राहील, आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून दीड फुटाच्या आत एकेक फ्यूज.

ट्युब्युलर घरी न्या, लोडशेडिंगला कामी येईल. आणि ॲम्पच्या टर्मिनलवर मोजलेला व्होल्टचा आकडा कळवा, भाऊ. बॅटरीचं त्यानंतर बोलू.