वर्क्स कमिटी कशी पाळावी

कारखान्यात १०० किंवा त्याहून जास्त कामगार आहेत आणि वर्क्स कमिटी, म्हणजे मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींची समिती, नेमा असा सरकारी आदेश येऊन पडला आहे? साहेब, घाबरू नका. आधी कलम वाचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते तिसरे होते, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तिसरेच आहे. कमिटीने करायचे काय? सलोखा राखायचा, दोघांच्या हिताच्या बाबींवर मत मांडायचे, मतभेद मिटवायचा प्रयत्न करायचा. या यादीत ‘निर्णय’ हा शब्द शोधून बघा. सापडत नाही ना? मग निर्धास्त व्हा आणि हार मागवा.

कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, असे कायदा म्हणतो. १९५७ च्या केंद्रीय नियमांत एकूण सभासद जास्तीत जास्त वीस. दहा तुमचे, दहा त्यांचे, झाली समता. अध्यक्ष तुम्ही नेमायचा, तुमच्याच दहांतून, आणि होता होईल तो कारखान्याचा प्रमुखच. उपाध्यक्ष कामगारांनी निवडायचा. त्याला पहिल्या रांगेत चांगली गुबगुबीत खुर्ची द्या.

निवडणुकीचे मनावर घेऊ नका. मत देता येते ते वय १८ पूर्ण आणि सलग सहा महिने सेवा झालेल्यांना, कॅज्युअल सोडून. म्हणजे सहा महिने भरायच्या आत ज्यांना ब्रेक देता, ते आपोआप गळाले. ठेकेदाराची माणसे तुमच्या मस्टरवरच नाहीत. लाइनवर शंभरातले साठ ठेकेदाराचे असले, तर उरलेल्या चाळिसांतून लोकशाही उभी करायची. सोपे जाते. युनियनशी विचारविनिमय करायचा असतो. पत्र पाठवा, पोच घ्या.

सेक्रेटरीचे पद मात्र जरा अडचणीचे. एका बाजूकडे ते सलग दोन वर्षे राहू शकत नाही. एक वर्ष तुमचे, पुढचे त्यांचे. त्यांचे वर्ष आले की त्या सेक्रेटरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावे, “अरे, टायपिंगचा ताप तू कशाला घेतोस? एचआरमधली पोरं आहेत की.” एवढ्यावर भागते. मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, ज्याच्या कॉम्प्युटरवर, बैठक त्याची.

आता वेळ. तीन महिन्यांतून किमान एक बैठक हवी, म्हणून ती तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात, डिस्पॅचच्या धामधुमीत घ्या. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटत असेल तर पावणेतीनची वेळ उत्तम. बैठकीत बसलेला प्रतिनिधी कामावरच आहे असे धरायचे असते, तेव्हा पगार कापू नका. तो मूर्खपणा नवशिके करतात. त्याऐवजी त्याच्या मशिनला रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता बदली माणूस, देऊ नका. पाऊण तासाचा माल कमी पडेल, सुपरवायझर अख्ख्या लाइनसमोर आकडा वाचून दाखवेल, आणि पुढच्या खेपेला त्याचेच सोबती म्हणतील, “तू जातोस एसीत चहा प्यायला, बोंबलतो आम्ही.” बैठकीला कोणी येत नाही अशी तक्रार मग तुम्हालाच करता येईल.

विषयपत्रिका हा खरा कलेचा भाग. १९५९ मध्येच सरकार, मालक आणि कामगार अशा एका त्रिपक्षीय समितीने दोन याद्या करून ठेवल्या आहेत. कमिटीने घ्यायचे विषय : हवा, उजेड, पिण्याचे पाणी, कँटीन, पाळणाघर, सुरक्षितता, खेळ, वाचनालय, बचतीची सवय. घ्यायचे नाहीत असे : पगार, बोनस, कामाचा बोजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसवणे), कामगारकपात, फंड, ग्रॅच्युइटी. दुसरी यादी युनियनशी वाटाघाटीसाठी राखलेली आहे, म्हणजे हेतू चांगलाच होता. तुमच्याकडे युनियन नसली, किंवा तिचा लीडर गेल्या वर्षीच बदलीवर दुसऱ्या प्लांटला गेला असला, तर ती यादी कोणाकडेच राखलेली नाही.

म्हणून कँटीन. कँटीन कधीही संपत नाही. वडा थंड येतो, चहाचा कप लहान झाला, पोळी जाड, गुरुवारी पुन्हा चवळी. चवळीवर पंचवीस मिनिटे आरामात निघतात.

शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी उठतो आणि सायकल टाइमचा, म्हणजे एका नगाला दिलेल्या वेळेचा, विषय काढतो. चोपन्न सेकंदांचे अठ्ठेचाळीस केले, विचारले कोणाला? हिशेब त्याच्या हातावर पेनने लिहिलेला असतो. शिफ्टमधून जेवण आणि दोन चहा वजा जाता ४३० मिनिटे. आधी ४७७ नग निघायचे, आता ५३७ मागतात. साठ नग जास्त, माणसे तेवढीच. त्याच्याशी वाद घालू नका, गणित बरोबर आहे. मान हलवा, “नोंद घेतो” म्हणा. मिनिट्समध्ये लिहा : ‘उत्पादकतेबाबत सदस्यांशी सकारात्मक चर्चा झाली.’ इंग्रजीत लिहा आणि पंपहाउसजवळच्या नोटीस बोर्डावर लावा.

त्यातून तो चिवट निघाला तर सांगेल, वेळ गाठायला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रावर, पोरे दोन बटणांपैकी एकात पाचर मारून ठेवतात आणि मोकळ्या हाताने पुढचा पत्रा सरकवतात. दोन बटणे असतात ती दोन्ही हात डायच्या, म्हणजे दाबणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहावेत म्हणून. एक कायमचे दाबून ठेवले की एक हात आत. यावर उत्तर तयार ठेवा : हा सुरक्षा समितीचा विषय. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांचा निम्मा वाटा असलेली समिती सक्तीची झाली. तुमच्याकडेही अशी एक असेलच, ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घ्यायला लागतेच ना. तिथे त्याने पाचरीचा विषय काढला की तिथले अध्यक्ष सांगतील, पाचर का मारतात हा सायकल टाइमचा प्रश्न आहे, तो वर्क्स कमिटीत न्या. दोन्ही अध्यक्ष तुम्हीच असाल तर टोपी बदलायला विसरू नका.

तक्रार निवारण समितीपासून मात्र जरा जपून. वीस कामगारांपासून ती लागते, सभासद जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद दरवर्षी आलटून पालटून, तक्रार ३० दिवसांत निकाली. वर कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांचा होकार मिळाला नाही तर निर्णय झालाच नाही असे धरतात. असल्या कलमांनी झोप उडते. ती वैयक्तिक तक्रारींपुरतीच आहे, हे दर वेळी मोठ्याने वाचा.

भाषणासाठी राज्यघटनेचे कलम ४३क पाठ करा : ४२ व्या दुरुस्तीने आलेले, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात नेता येत नाही. १९९० मध्ये राज्यसभेत या सहभागाचे विधेयकही आले होते. कायदा झाला नाही. तुमच्या पिढीने सुटकेचा नि:श्वास टाकायला हरकत नाही.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो, कारण यात शहाणेसुरते पडतात. कमिटी एवढी गोड वागते म्हटल्यावर साहेबांना वाटते, हिच्याकडूनच सही घ्यावी. चहाची सुटी दहाची सात मिनिटे, वीस जणांच्या सह्या, विषय संपला. नाही संपत. नॉर्थ ब्रूक ज्यूट कंपनीच्या खटल्यात हेच घडले होते. रॅशनलायझेशनला, म्हणजे कामाच्या आणि माणसांच्या फेरआखणीला, वर्क्स कमिटीने मान डोलावली, कामगारांनी नाही. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले, कमिटीचे काम रोजची कुरकुर मिटवण्याचे. सेवाशर्तींत खरेखुरे बदल मान्य करण्याचा अधिकार तिला नाही, आणि तिचा होकार म्हणजे कामगारांचा किंवा युनियनचा होकार नव्हे. विश्रांतीची वेळ बदलायची तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, मग कमिटीच्या सह्या असोत की अंगठे. तीन वर्षे खपून जी कमिटी तुम्ही बिनकामाची केलीत, ती ऐन गरजेला तुमच्याही कामाची नाही.

तेव्हा तीन मिनिटांचा विषय पुढे ढकला. पुढच्या बैठकीत चवळीऐवजी मटकी सुचवा. अजेंडा आजच टाइप करून ठेवा, सेक्रेटरी यंदा त्यांचा आहे.