कुलपांना ऐकवलेल्या घोषणा

आज २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. सकाळी आमच्या गावातून शाळेच्या मुलांची फेरी निघाली. मुलांच्या हातात फलक होते आणि तोंडी 'टीबी हारेगा, देश जीतेगा' ही घोषणा होती. (मराठीत क्षयाला हरवता येत नाही, असा काही नियम असावा.) फेरी ज्या वस्तीतून गेली, तिथल्या निम्म्याहून अधिक दारांना कुलूप होते, कारण बीड जिल्ह्यातल्या या गावाचे सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, अजून साखर कारखान्यांवरून परतलेले नाहीत. हा रोग ज्यांना आधी गाठतो ते उसाच्या फडात, आणि घोषणा कुलपांना! मला आधी हसू आले, मग फार राग आला.

माझ्या चुलतीला काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास क्षयाचे निदान झाले. बेडका तपासला, गोळ्या फुकट मिळाल्या. उपचार सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असल्यामुळे दिवाळीनंतर ती काकांबरोबर निघाली. पौषात गोळ्या संपल्या. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने, तुमचे नाव इकडे नाही, गावाकडून कागद आणा, असे सांगून तिला परत पाठवले. तोवर खोकला थांबला होता, आणि खोकला थांबला की रोग गेला, असे शिकलेल्यांनाही वाटते. "गोळ्यांसाठी गावाकडं आले असते तर खाडा पडला असता बाळा, अन् एक जण बसलं की कोयता अर्धाच राहतो," असे ती मला नंतर म्हणाली. पाडव्याला परतली ती पुन्हा खोकतच.

१८८२ साली याच दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून हा दिवस जगभर पाळतात. पाळावा, पण आमच्या गावात त्या दिवशी ऐकायला कोण असते, एवढे तरी कुणी पाहायचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या क्षयावरील उच्चस्तरीय बैठका न्यूयॉर्कला २०१८ आणि २०२३ मध्ये झाल्या, त्या दोन्ही सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडे उचलीचे व्यवहार चालू असतात त्याच दिवसांत. क्षय संपवायला जगाने २०३० ची मुदत घातली, आपण २०२५ म्हणालो, आणि ते वर्ष येऊन गेले. दसऱ्याआधी मुकादमाच्या ओट्यासमोर हीच फेरी थांबवून प्रत्येक रुग्णाच्या हाती हंगामभराच्या गोळ्या आणि कारखान्याजवळच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी दिली असती, तर चुलतीला तोच उपचार पहिल्या गोळीपासून पुन्हा घ्यावा लागला नसता.

पोषणाचे महिना ५०० रुपये तिला मिळाले होते, आता ते १००० झाले आहेत, आणि रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळवण्याची सोयही आहे, हे मान्य. ती सोय चुलतीला मात्र कुणी सांगितली नाही.

दुसऱ्या वेळी ती हंगामभर घरी राहिली, बरी झाली आणि न फिटलेल्या उचलीपायी पुढच्या वर्षी पुन्हा फडात गेली. आजही तिथेच आहे. तिचा नातू आमच्याकडे राहून शाळा शिकतो. सकाळी फेरीत सर्वांत पुढे फलक धरून, घसा ताणून तोच ओरडत होता. त्याच्यावर कसला राग धरायचा?

संध्याकाळी चुलतीला फोन करून हे सगळे तावातावाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "उन्हात त्याच्या डोक्याला टोपी होती का रे?"