दाजींनी पाठवलेला तो पायलटवाला मेसेज: साडेतीन लाख भरायच्या आधी हे वाचा

परवा रात्री साडेअकराला चोपड्याहून दाजींचा मेसेज आला. फॉरवर्ड केलेला, वर तो दोन बाणांचा शिक्का, म्हणजे किती जणांकडून फिरून आला असेल विचार करा. खाली दाजींनी स्वतः टाइप केलेली एकच ओळ, "भाऊ, हाई खरं शे का? खरं व्हई ते कापूसना पैसा उनात का भरी टाकसू." म्हणजे, खरं असेल तर कापसाचे पैसे आले की भरून टाकू.

ती ओळ वाचून मला झोप लागली नाही. माझी भाची यंदा बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. पायलट व्हायचं तिनं आठवीपासून धरलंय. आणि हा मेसेज आता चोपडा, अमळनेर, शिरपूर, पार नंदुरबारपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय, कारण शिरपूरला आणि जळगावला ट्रेनर विमानं रोज डोक्यावरून जातात आणि आपल्याकडच्या पोरांना आता हे स्वप्न लांबचं वाटत नाही. चांगलंच आहे ते. पण त्या स्वप्नाच्या नावावर पहिला हप्ता कोण घेऊन जातंय ते बघा.

मेसेजमध्ये थोडक्यात असं म्हटलंय: ग्राउंड क्लास, म्हणजे पायलटच्या लेखी परीक्षेचा क्लास, केल्याशिवाय डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, पेपरला बसूच देत नाही. घरी अभ्यास करणारा नॅव्हिगेशनमध्ये, म्हणजे मार्ग काढायच्या पेपरात, नापास होतोच. मराठी मीडियम, स्टेट बोर्डवाल्यांना तर क्लासशिवाय जमणारच नाही. आमच्याकडे 'रिपीट क्वेश्चन बँक' आहे, तेवढी पाठ करा, पास. एअरलाइनवाले इंटरव्ह्यूला ग्राउंड क्लासचं सर्टिफिकेट मागतात. आणि शेवटी, "मेडिकलची चिंता आता नको, ते नंतर होतं, आधी सीट बुक करा, महिनाअखेरपर्यंत साडेतीन लाख, नंतर साडेचार."

मी शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं चुकीचं असलं तरी त्यानं फक्त पैसे जातात, ह्या ओळीनं घर बसतं.

मेडिकल नंतर नाही. मेडिकल आधी. सगळ्यात आधी. क्लासच्या आधी, पुस्तकांच्या आधी, बँकेत लोनची चौकशी करायच्याही आधी. डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल (इथे 'क्लास' म्हणजे तपासणीचा दर्जा, कोचिंग नाही) करायचं, काही हजारांत होतं, आणि मग पुढे क्लास वन, कारण कमर्शियल लायसन्सला क्लास वनच लागतं. चष्मा असला तर घाबरायचं कारण नाही, चष्म्यानं नजर नीट होत असेल तर चालतं. पण ईसीजी आहे, कानांची ऑडिओमेट्री आहे, रंग ओळखायची तपासणी आहे, आणि ह्यातली एखादी गोष्ट अशी निघू शकते की ज्यावर काही इलाजच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा, बापाची चार एकर जिरायत, त्यातली दीड विकून पोराला मोठ्या शहरातल्या एका क्लासला घातला. नाव घेत नाही. सात महिने पोरगा तिथे रूम करून राहिला, दोन पेपर पासही झाला, हुशार होता. मग मेडिकलला गेला आणि त्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात, इशिहारा म्हणतात त्याला, ठिपक्यांमधला आकडाच त्याला दिसेना. लाल-हिरव्यातला फरक त्याला जन्मापासून कमी कळत होता आणि वीस वर्षांत ना त्याला माहीत ना घरच्यांना, कारण शेतात आणि शाळेत त्यावाचून काही अडत नाही. पुढच्या तपासणीतही नापास. क्लासनं फी परत दिली नाही, पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. त्या मुलाच्या वडिलांना मी नंतर बाजार समितीत भेटलो, ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले.

त्यामुळे "मेडिकलची चिंता आता नको" लिहिणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. ह्या धंद्यात असून हे माहीत नसणं शक्यच नाही. मेडिकलमध्ये अडकणारा पोरगा फी भरायच्या आधी अडकला तर यांची एक सीट जाते, नंतर अडकला तर जात नाही, एवढाच हिशोब आहे.

आता "क्लासशिवाय पेपरला बसू देत नाही". साफ खोटं. ज्याला बघायचंय त्यानं स्वतः बघा, एअरक्राफ्ट रूल्स 1937, शेड्यूल टू, सेक्शन जे, कमर्शियल पायलट लायसन्सचं. नेटवर फुकट आहे. काय काय लागतं ते एकाखाली एक दिलंय: वय 18, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, मेडिकल, लेखी परीक्षा, 200 तास फ्लाइंग, त्यात 100 तास पायलट इन कमांड, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर, वगैरे वगैरे. लेखीला बसायला अमुक कोचिंग क्लासचा दाखला आणा असं त्यात कुठेही नाही. पेपरला बसायला कॉम्प्युटर नंबर लागतो, तो डीजीसीएच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करून मिळतो, आणि त्यासाठी क्लासची पावती नाही तर मार्कशीटचं बोर्डाकडून व्हेरिफिकेशन लागतं. आपल्याकडच्या पोरांचं हे काम नाशिक विभागीय मंडळातून होतं आणि त्याला वेळ जातो, म्हणून आजच अर्ज टाका, ते जास्त कामाचं.

हे खोटं आलं कुठून त्याचा माझा अंदाज सांगतो. युरोपात खरंच असं आहे. तिकडे एटीपीएलच्या, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सच्या, थिअरीला मान्यताप्राप्त संस्थेत नाव घालावंच लागतं, मॉड्युलर कोर्सला 650 तासांचं शिक्षण आहे, संस्थेनं शिफारस केल्याशिवाय पेपर देता येत नाही आणि पासिंगही 75 टक्के. अमेरिकेतही 2014 पासून एटीपीच्या लेखीआधी ठरावीक कोर्स करावा लागतो, 30 तास वर्गात आणि 10 तास सिम्युलेटरवर. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ बघितला आणि इकडे चिकटवून दिला. आपला नियम वेगळा, आपलं पासिंग 70 टक्के, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. आता फ्लाइंग स्कूलमध्ये प्रत्यक्ष उडायला शिकताना तिथे ग्राउंड ट्रेनिंग असतंच, पण ते त्या स्कूलच्या कोर्सचा भाग आहे, ते आणि हे साडेतीन लाखांचं कोचिंग एक नाही.

मराठी मीडियमवाल्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आला आणि त्यावर मी कमीच लिहिणार आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. डीजीसीएचे सगळे पेपर पहिल्या तीन अटेम्प्टच्या आत काढले. मेटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानाच्या पेपरातला दाब, आर्द्रता, उष्णता आपण नववी-दहावीच्या विज्ञानात मराठीतून शिकलेलो असतो, फक्त नावं इंग्रजीत बदलून येतात. इंग्रजी लागतं हे खरं, रेडिओवर बोलायला आयकाओची, म्हणजे जागतिक विमान वाहतूक संघटनेची, इंग्रजीची लेव्हल फोर लागतेच, आणि रेग्युलेशन्सच्या, म्हणजे हवाई नियमांच्या, पेपरमध्ये 'शॅल' आहे की 'शुड' आहे यावर उत्तर फिरतं, शॅल म्हणजे बंधनकारक, शुड म्हणजे शिफारस. पण हे कळायला चार महिने रोज दोन पानं मोठ्यानं वाचावी लागतात. त्यासाठी शहरातला एसी हॉल लागत नाही.

क्वेश्चन बँक. हो, काही प्रश्न रिपीट होतात, हे मी नाकारत नाही, मलाही आले होते. पण पाठ करून पास व्हा असं जे सांगतात त्यांना एक साधं गणित विचारा. प्रश्न असा की विमानतळ 800 फुटांवर, तापमान 44, दाब स्टँडर्ड, तर डेन्सिटी अल्टिट्यूड किती, म्हणजे हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ? पाठ केलेल्या पीडीएफमध्ये आकडे दुसरे असतात, त्यामुळे पाठ करणारा तिथेच बसतो. समजून घेतलेला काय करतो? 800 फुटांवर स्टँडर्ड तापमान साधारण साडेतेरा, म्हणजे आपण साडेतीसनं जास्त, दर डिग्रीला 120 फूट, म्हणजे साधारण 3,660, त्यात 800 मिळवा, साडेचार हजारांच्या आसपास. आता हे नुसतं उत्तर नाहीये. जळगावचा विमानतळ साधारण ह्याच उंचीवर आहे आणि मे महिन्यातली आपली दुपार कशी असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. त्या दुपारी इंजिनाला आणि पंखांना हवा मिळते ती महाबळेश्वरच्या उंचीवरची. धावपट्टी जास्त लागते, चढण कमी मिळते. हे ज्याला पेपरात कळलं नाही तो त्या दुपारी भरल्या टाकीनं टेकऑफ घेईल, आणि तिथे चार पर्याय दिलेले नसतात.

आणि त्या पीडीएफांमधली उत्तरं तरी बरोबर आहेत का? दाजींनी पाठवलेल्या मेसेजबरोबर नमुन्याची दोन पानं जोडली होती. त्यात एक प्रश्न आहे, हवा स्टँडर्डपेक्षा थंड असेल तर विमान अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, दाखवतो त्यापेक्षा वर असतं की खाली. उत्तर छापलंय 'वर'. चूक. थंड हवेत विमान प्रत्यक्षात खाली असतं, म्हणून तर डोंगराळ भागात थंडीत त्याचं करेक्शन लावायचं. हे उलटं पाठ करून गेलेला पोरगा मार्क घालवेल हे सोडा, तो हेच डोक्यात घेऊन कॉकपिटमध्ये बसणार आहे. जाहिरातीसाठी निवडलेल्या दोन पानांत ही चूक, तर आतल्या आठशे पानांत काय असेल?

नॅव्हिगेशनचं मात्र अर्धं खरं आहे. मान्य करतो, मनाविरुद्ध करतो, पण करतो. मी स्वतः पहिल्यांदा नॅव्हिगेशनला 58 वर राहिलो. अभ्यास कमी नव्हता, चार महिने रोज चार्ट पसरून बसायचो. पण ते फ्लाइट कॉम्प्युटर, म्हणजे हातानं फिरवायची ती गोल चकती आणि पट्टी, त्यावर वारा मांडायच्या दोन पद्धती आहेत. हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक कुठे ठेवायचं ते, काढायचं असेल तर वाऱ्याची खूण केंद्राच्या वर टाकून केंद्राखाली ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबानं वेग, धरायचा, ट्रॅक, म्हणजे विमान प्रत्यक्ष जातं ती दिशा, काढायचा असेल तर खूण खाली आणि केंद्राखाली टीएएस, म्हणजे हवेतला खरा वेग. मी दोन्ही एकमेकांत मिसळत होतो. खूण वर आणि खाली टीएएस. उत्तर यायचं ते एकदोन डिग्रीनं, पाचसहा नॉटनं चुकलेलं, आणि चारही पर्याय इतके जवळजवळ असतात की मला वाटायचं आपलं जवळपास बरोबरच आहे. चार महिने कळलं नाही. नंतर एका निवृत्त सरांकडे गेलो, त्यांनी माझा हात बघितला आणि दहा मिनिटांत सांगितलं, बाळा, तू दोन रस्ते एकत्र करतोयस. सहा आठवडे त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा गेलो आणि पुढच्या अटेम्प्टला पास.

म्हणजे कुणीतरी समोर बसून हात बघणारं लागतं, एवढं खरं. आरटीआरलाही, म्हणजे रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या परीक्षेलाही, तसंच, पूर्वी ही परीक्षा दूरसंचार खात्याची वायरलेस विंग घ्यायची, आता डीजीसीएकडे आलीय, तिच्या तोंडी भागाला समोर एटीसी, म्हणजे विमानांना सूचना देणारा कंट्रोलर, बनून बोलणारा माणूस लागतो, आरशासमोर बसून ते होत नाही. पण ह्या दोन गोष्टींसाठी दोन-तीन महिन्यांची शिकवणी वेगळी आणि पाचही विषयांचं साडेतीन लाखांचं पॅकेज वेगळं. रेग्युलेशन्सला क्लास लावणं म्हणजे कुणीतरी पुस्तक वाचून दाखवावं म्हणून पैसे देणं. मेटला फार तर शंका विचारायला कुणी असावं. टेक्निकल जनरल बारावीच्या फिजिक्सवर आणि चांगल्या पुस्तकावर निघतं. टेक्निकल स्पेसिफिक तर ज्या विमानावर उडणार त्याचं, ते फ्लाइंग स्कूल ठरल्याशिवाय सुरूच करता येत नाही, मग त्याचे पैसे आत्ता कशाचे घेतात?

ज्याला घरी शिस्त लागत नाही, सकाळी उठवायला कुणीतरी लागतं, त्यानं क्लास लावावा, मी अडवणारा कोण. चांगले शिकवणारेही आहेत, माझे ते सर त्यातलेच. माझा राग क्लासवर नाही, भीती घालून घाई करण्यावर आहे.

सर्टिफिकेटचं एका ओळीत: मला एकाही इंटरव्ह्यूत कुणी ग्राउंड क्लासचं सर्टिफिकेट विचारलं नाही. लायसन्स बघतात, तास बघतात, त्यांचा स्वतःचा लेखी पेपर घेतात.

दाजी, तुम्हाला काल फोनवर सांगितलं तेच इथे लिहितो, म्हणजे ताईलाही वाचून दाखवता येईल. कापसाचे पैसे आले की बँकेतच राहू द्या. भाचीला ह्या महिन्यात क्लास टू मेडिकलला घेऊन जा, जळगावहून रातराणीनं निघालात तर सकाळी पोहोचाल, रात्री तिला नीट झोप मिळेल अशी सीट बघा. ते निघालं की नाशिकला मार्कशीटचं व्हेरिफिकेशन. तोवर तिला डीजीसीएच्या साइटवरचा सिलॅबस डाउनलोड करून दिलाय, रेग्युलेशन्स तिनं सुरू केलंय, मुंबईचा मेटार, म्हणजे विमानतळाचा कोडमधला हवामान अहवाल, रोज सकाळी वाचून मला व्हॉट्सॲपवर उलगडून पाठवते, काल तिनं धुकं आणि धुरकं ह्यांचे कोड उलटे लिहिले आणि आज स्वतःच दुरुस्त करून पाठवले. नॅव्हिगेशनसाठी रविवारी रात्री नऊ ते अकरा मी व्हिडिओ कॉलवर बसणार, कॅमेरा तिच्या हातावर ठेवायचा, तोंडावर नाही. चार्ट, प्रोट्रॅक्टर आणि माझी ती जुनी चकती दिवाळीला येताना घेऊन येतो.