छाटणी म्हणजे शिक्षा नव्हे

'देव आपल्या आयुष्यात छाटणी करतो ती पापाची शिक्षा म्हणून' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बायबलमधलं योहान 15:2 पुन्हा वाचा. फळ न देणारा फाटा माळी काढूनच टाकतो. छाटतो तो फळ देणाराच फाटा, आणखी फळ यावं म्हणून. माझे बाबा नान्नजला द्राक्षबागांत छाटणीला जायचे, शाळेला सुट्टी असली की मीही सोबत. एप्रिलची खरड छाटणी झाली की सोलापूरच्या त्या उन्हात बागेत नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या, उरायचे. या छाटणीतून लगेच फळ मिळत नाही. नवी काडी तयार होते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटतात त्या जागी, घड धरतो, आणि तो दिसायला ऑक्टोबरची गोडी छाटणी व्हावी लागते. म्हणजे एका घडासाठी वेलीवर दोनदा कात्री! छाटल्यावर काडीच्या टोकाला पाणी यायचं, थेंब थेंब गळायचं. मी घाबरायचो. बाबा म्हणायचे, "मुळी चालू आहे रे, म्हणून पाणी येतंय."

आई वारली, प्रभूमध्ये झोपी गेली, तेव्हा घरी भेटायला आलेल्या एकांनी बाबांना असंच ऐकवलं होतं, 'काहीतरी चुकलं असेल, म्हणून देव छाटतोय.' बाबा महिनाभर चर्चला आले नाहीत. लेखकाला कळकळीची विनंती आहे, तेवढं वाक्य बदला. दुःखात असलेलं कुणीतरी तेच वाचत असेल.