तिसरा पाइप

आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी सकाळी सहा ते पावणेसात येतं. उन्हाळ्यात गुरुवारी तेही नाही, मग टँकर. अशा घरात, तिसऱ्या मजल्यावर, ताशी साडेतीन हजार लिटर पाणी नुसतं गोल फिरवता यावं म्हणून मी आठ महिने खपतो आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

खूळ जुनं. चौथीत शाळेची सहल मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. बाकीची पोरं कासवाला चिकटली आणि मी एका पट्ट्यापट्ट्यांच्या माशासमोर असा उभा राहिलो की बाईंना मला कान धरून बसमध्ये न्यावं लागलं. तो कान चाळीस वर्षं शिवशिवत होता. मुलगी नोकरीला लागली आणि मी समुद्री माशांसाठी पाच बाय दोन बाय दोन फुटांची काचेची टाकी सांगून आलो.

एक खुलासा आधीच करतो, म्हणजे कुणी पोलिसांत जाणार नाही. दगडी सांगाड्याचे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्यामुळे माझ्या रीफमध्ये (प्रवाळांच्या खडकात) प्रवाळ नाहीत, नुसते सिमेंटचे कातळ, आणि पुढेमागे टाकीतच जन्मलेले क्लाउन मासे, कोळंब्या, गोगलगायी. समुद्राचा देखावा, पण पाणी खरं खारं.

वजनाचा प्रश्न एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्राने एका वाक्यात मिटवला. घराची फरशी चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखतात, आणि माझी टाकी पाणी, काच, कातळ, स्टँड धरून आठशे किलोंच्या वर. "तुझी सगळी सासुरवाडी एका सतरंजीवर उभी केल्यासारखं आहे. बीमवर ठेव." बीमवर बायकोचं शोकेस होतं. त्या वाटाघाटी इथे देत नाही.

खरी गोष्ट पाइपांची. गोड्या पाण्यातल्या माशांना एक फिल्टर टांगला की भागतं. खाऱ्या पाण्याचे लाड फार. वर दाखवायची टाकी, खाली कपाटात दुसरी, तिला संप म्हणतात. ("किती दिवसांचा?" आईने विचारलं.) वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपाने खाली यायचं, तिथे गाळून-निवळून पंपाने पुन्हा वर चढायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात.

पहिला घाव इंचाने घातला. काचवाल्याला मी ऐटीत सांगितलं, दीड इंची पाइपासाठी तीन भोकं. त्याने इमानदारीत दीड इंचाची भोकं पाडली. घरी येऊन पाइप लावून बघतो, तर आत जाईना. दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो, म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश इंच. शिवाय पाइप काही थेट काचेत घुसवायचा नसतो. आधी टाकीचं निपल बसवायचं, आणि त्याच्या आट्यांना त्याहून मोठं भोक लागतं. काचवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही जे बोललात ते केलं." तीस वर्षं हिशेबतपासनीस म्हणून काढली, पण इतकं बिनतोड उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. नवी काच, नवी भोकं, नवं बिल.

भोकं तीन का, हे मिस्त्रींना समजावणं हा दुसरा अध्याय. माझ्या एका मित्राकडे एकाच पाइपाची टाकी आहे. रात्रभर कुणीतरी बशीतून चहा फुरकतंय असा आवाज येतो. म्हणून मी बीनअॅनिमल नावाची तीन पाइपांची रचना निवडली. पहिला पाइप तोंडापर्यंत भरून वाहतो. त्यात हवा नाही, म्हणून आवाज नाही. त्याला व्हॉल्व लावून पाणी बेतायचं. उरलंसुरलं दुसऱ्यातून झिरपतं. तिसरा कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली तरच त्याने धावून यायचं.

मिस्त्रींनी कागद उलटसुलट केला.

"म्हणजे तिसऱ्यातून पाणी येणारच नाही?"

"येऊ नये अशीच इच्छा आहे."

"मग बसवायचा कशाला?"

मी त्यांना आमच्या ऑफिसचं उदाहरण दिलं. एक जण सगळं काम ओढतो, दुसरा हातभार लावल्यासारखं करतो, आणि तिसरा पहिला आजारी पडायची वाट बघत बसतो. पण मंजूर पदं तीनच असतात. हे त्यांना पटलं. "तुमचा पैसा," म्हणाले आणि करवत काढली.

व्हॉल्व त्यांनी स्वतःच्या पसंतीने आणला होता. पितळी, चाकाचा, नारळाएवढा जड. "पन्नास वर्षं बघायला नको." मी तो हातात घेऊन हळूच बाजूला ठेवला. पितळेत तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात ते जरासं जरी उतरलं तरी कोळंब्या-गोगलगायी मरतात. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर, मी त्यांच्या मुलीचं स्थळ नाकारल्यासारखे भाव. मग मी प्लास्टिकच्या गेट व्हॉल्वसाठी बोहरी आळी पालथी घातली. बॉल व्हॉल्व ढिगाने मिळतो, पण तो पाव फेरीत उघडतो नि मिटतो, बारीक बेतणं त्याच्याने होत नाही.

"प्लास्टिकचा गेट व्हॉल्व कशाला हवा?" दुकानदार पेपरमधून न बघता म्हणाले.

"माशांसाठी."

"माशांना व्हॉल्व लागत नाही." पेपरचं पान उलटलं.

चौथ्या दुकानात मिळाला.

वर जाणाऱ्या पाइपाला मिस्त्रींनी भिंतीच्या कडेकडेने अकरा एल्बो लावले होते. काम मात्र देखणं, सगळं काटकोनात. पण प्रत्येक एल्बो पाण्याचा जोर खातो. पंपाच्या खोक्यावर ताशी ६००० लिटर छापलेलं असतं ते पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हाचं. मी पाइपाचं तोंड बादलीत धरलं नि मुलीने मोबाइलवर वेळ लावली. वीस लिटरची बादली भरायला तीस सेकंद. म्हणजे ताशी २४०० लिटर. मी सात एल्बो काढायला लावले, उरलेल्यांच्या जागी ४५ अंशाचे बसवून घेतले. बादली वीस सेकंदांत भरली. "पण दिसायला तिरकं दिसतंय," मिस्त्री कळवळून म्हणाले. दिसतंय खरं.

आता राहिला प्रवाह. टाकीत पाणी सगळीकडे हललं पाहिजे, नाहीतर मेल्या कोपऱ्यांत घाण साचते. तपासण्यासाठी मी साध्या पाण्यात चहाचा चोथा टाकला. दोन कोपऱ्यांत तो निवांत ढीग करून बसला. लाटा करणारे पंप मी डावीकडे, उजवीकडे, समोरासमोर लावून पाहिले. गुहागरच्या वाडीत जन्म काढलेली आई हे सगळं आरामखुर्चीतून बघत होती.

"शिंपण्याच्या वेळी शेवटच्या पोफळीला पाणी पोचलं नाही, तर आम्ही पाटात धोंडा टाकायचो. पाणी आपटलं की वळतं. तू ते काचेवर मार, आणि ती वरची नळी खाली वाकव जरा."

पंप काचेकडे वळवला, नळी वीतभर खाली बुडवली. चोथा उठला आणि टाकीभर नाचायला लागला. मला थोडं अपमानास्पद वाटलं, पण मी खूश होतो.

तो चोथा गाळून काढायला हवा होता.

दोन दिवसांनी वळवाचा पाऊस आला. मी गच्चीवर कुरडया झाकायला गेलो. वीज कडाडली आणि आईने, जन्मभराच्या सवयीने, मेन स्विच बंद केला. पंप थांबला की वर गेलेलं पाणी त्याच पाइपाने उलटं खाली ओढलं जातं, जोवर नळीचं तोंड उघडं पडत नाही तोवर. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे नऊ लिटर. वीतभर म्हणजे दोनशे. संपात रिकामी जागा पंचवीस लिटरची. यासाठी नळीला हवा घ्यायचं बारीक भोक पाडायचं असतं. ते माझ्या यादीत सतराव्या क्रमांकावर होतं. शिवाय पाणी उलटं येऊ नये म्हणून एनआरव्ही बसवला होता. त्याची झडप मिटलीच नाही. मध्ये चहाचा चोथा अडकला होता.

मी परत आलो तेव्हा हॉलमध्ये चपला तरंगत होत्या. मी काय केलं असेल? आराखड्याचा कागद शोधायला धावलो.

"अरे, नळीचं तोंड बाहेर काढ!" आई खुर्चीतून उठली, काठीची मूठ नळीत अडकवली आणि वर उचलली. नळीने एकदा घळ्ळ केलं, आणि पाणी थांबलं. "पिंपातून रॉकेल काढताना काय करायचो?"

या सगळ्या धुमाळीत तिसरा पाइप ठणठणीत कोरडा होता.

खालचे काका वर आले. त्यांच्या फॉल्स सीलिंगमधून नेमकं टीव्हीवर पाणी ठिबकत होतं. रंगाचा खर्च मी दिला, आणि नळीला भोक त्याच रात्री पाडलं.

आता टाकीत लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने एकोणीस किलो मीठ विरघळलंय. मासे अजून नाहीत. पाणी मुरायचं आहे. गेल्या गुरुवारी टँकर आला नाही. काका बादली घेऊन दारात.

"तुमच्याकडे साडेपाचशे लिटर नुसतं फिरतंय म्हणे."

"खारं आहे हो ते."

"संडासात ओतायला चालेल."

मी अवघडून उभा. आतून आईचा आवाज आला, "अरे, तो तिसरा पाइप रिकामाच आहे ना? तो यांच्याकडे सोड."