पाचशे तास आणि चार पेनं

परीक्षा संपली, आता ट्रेनिंग. डी.फार्म.वाल्यांनो, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमावाल्यांनो, तुमच्या वाट्याला पाचशे तास आहेत, किमान तीन महिन्यांत पसरलेले. त्यातले निदान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर प्रत्यक्ष औषधं देण्यात गेले पाहिजेत. आकडा बघून घाम फोडून घेऊ नका. पाचशे तास एका दुपारी बसतात, फक्त चार पेनं लागतात.

दोन निळी, एक काळं आणि एक जरा फिक्कट चालणारं, महिनाअखेरीला शाई संपत आली असं वाटावं म्हणून. ट्रेनिंगच्या वहीत तारीख, रुग्णाचं नाव, औषध, मात्रा असं भराभर लिहीत जायचं. कॅलेंडर मात्र जवळ ठेवा. माझ्या एका मित्राने 31 जूनला अकरा चिठ्ठ्यांची औषधं दिली होती. वही सही-शिक्क्यासकट मंजूर झाली ही गोष्ट वेगळी, पण इतकं धाडस सगळ्यांना झेपत नाही.

काही अतिउत्साही मुलं खरंच दुकानात जातात. मीही गेलो होतो, अकरा दिवस. त्यातले पहिले तीन दिवस एक्स्पायरीचा माल वेगळा काढण्यात गेले. चौथ्या दिवशी काउंटरजवळ उभं राहायला मिळालं, दादांच्या मागे. दादा दहावी नापास, पण डॉक्टरांचं अक्षर भटजींनी पंचांग वाचावं तसं वाचायचे. कोणी चार गोळ्या मागितल्या की कात्री नेमकी अशी चालवायचे की बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा तुकडा दुकानात राहायचा नि गिऱ्हाईक चार निनावी गोळ्या घेऊन घरी जायचं. ही कला कुठल्याही प्रॅक्टिकलला शिकवत नाहीत.

फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, हे मी नुकतंच पाठ केलं होतं. शेजारी सेठचं ताक होतं, आणि दुपारी लोडशेडिंग. मी तोंड उघडलं तर सेठ म्हणाले, “हे कॉलेजात विचार.” शेड्यूल एच-वनचं, म्हणजे नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांचं, रजिस्टरही होतं. 2014 पासून अशा औषधांसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव त्यात लिहून रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. सेठनी ते इतकं जपलं होतं की आत एक अक्षर उमटू दिलं नव्हतं. वर अगरबत्तीचा पुडा ठेवलेला. बाराव्या दिवशी मी चार पेनं आणली.

बी.फार्म.वाल्यांची, म्हणजे डिग्रीवाल्यांची, तऱ्हा निराळी. सहाव्या सेमिस्टरनंतर तुमचे 150 तास, चार आठवड्यांत. नियमाच्या मथळ्यात हे ट्रेनिंग ‘इष्ट’ आहे आणि खालच्या वाक्यात ‘करावेच लागेल’. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे विचारत बसू नका. ज्याला हा प्रश्न पडत नाही तोच पुढे या धंद्यात टिकतो. कंपनीत जागा मिळालीच तर टोपी, गाऊन, बुटांवर कव्हरं घालून तुम्हाला एका काचेसमोर उभं करतील. काचेपलीकडे टॅब्लेटचं मशीन. हात लावायचा नाही, एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी पद्धती, वाचायच्या. महिनाअखेर सर्टिफिकेटवर मात्र ‘उत्पादनाचा प्रत्यक्ष अनुभव’.

आता करिअर. एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, व्हायचं असेल तर उभं राहायची सवय करा. ओपीडीबाहेर, टाय लावून, मे महिन्यात. फार्म.डी.ला सहा वर्षं घालवलीत तर नावाआधी डॉ. लागेल आणि प्रत्येक लग्नात एक काका बाजूला घेऊन गुडघा दाखवतील. सरकारी ड्रग इन्स्पेक्टरची जाहिरात येईल तेव्हा येईल. तोवर अभ्यासिकेची फी भरत राहा.

मी क्यूएत, म्हणजे औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात, गेलो. तिथला पहिला धडा असा की काम होताक्षणी नोंद झाली पाहिजे. मागाहून लिहिलेलं आणि आधीच भरून ठेवलेलं, दोन्ही पाप. 2013 मध्ये वाळूजच्या एका कारखान्यात अमेरिकी तपासनिसांना सुमारे 75 बॅचच्या फाडलेल्या नोंदी कचऱ्यात सापडल्या होत्या. नव्या पोरांना हा किस्सा मीच सांगतो, दर ट्रेनिंगला. पोरं गंभीरपणे मान डोलावतात, आणि खिशाला दोन-दोन पेनं लावून आलेली असतात.

राहिला तो सगळ्यात सुखाचा मार्ग: सर्टिफिकेट लावणं. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी चिठ्ठीवर औषध देऊ नये. कायद्याने केवढी सोय केली बघा. दुकानाला फार्मासिस्ट हवा, आणि फार्मासिस्टला दुकानात बसायचं नाही. मग भिंतीवर फ्रेम लावायची, महिन्याला भाडं घ्यायचं. फ्रेम दमत नाही, सुट्टी मागत नाही, ताकाबद्दल तर अवाक्षर काढत नाही. तपासणीच्या दिवशी सेठचा फोन येतो तेवढा उचलायचा. माझंही लावलंय, आमच्या गावातच. मी नोकरीला तारापूरला, फोटो गावात.

गेल्या महिन्यात आईला थायरॉइड निघाला. गोळी कशी घ्यायची हे तिने मला विचारलं नाही. पोरगा शिफ्टमध्ये असेल, उगाच कशाला त्रास, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, सकाळी चहाबरोबर घ्या.” ती गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. मला कळेपर्यंत तीन आठवडे ती चहाबरोबरच घेत होती.

मी तणतणत बिल मागवलं. आईने फोटो पाठवला. औषधाचं नाव बरोबर, बॅच नंबर बरोबर, आणि खाली फार्मासिस्टची सही. माझी. तो मुलगा ती हुबेहूब करतो.